पंखा बंद होता, तरी फिरत होता

पत्राचा गोषवारा: कोल्हापुरातल्या एका पेठेत राहणाऱ्या ५७ वर्षांच्या ताईंचं पत्र आहे. अठरा वर्षं त्या घरून जेवणाचे डबे देतात. सध्या २२ डबे आहेत, बहुतेक विद्यार्थ्यांचे. सात आठवड्यांपूर्वी पहाटे साडेचारला गजर बंद करायला त्या उजव्या कुशीवर वळल्या आणि छत गरगरायला लागलं. लाइट गेलेली होती, पंखा बंद होता, तरी तो फिरताना दिसत होता. मिनिटभरात थांबलं, मग उलटी झाली. उठायला गेल्या की पुन्हा तेच. डॉक्टरांनी बीपी तपासलं (त्याची गोळी चालू आहे, आकडा ठीक होता), मानेचा एक्स-रे काढून ‘मणक्यात गॅप’ असल्याचं सांगितलं, पट्टा आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. ती चिठ्ठी दाखवून त्या अजून गोळ्या आणतात. तेव्हापासून खुर्चीतच झोपतात. आता गरगरणं कमी आहे, पण दिवसभर गादीवर चालल्यासारखं वाटतं, आणि माळ्यावरचा डबा काढायला वर पाहिलं की भिंत सरकते. मिस्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आहे आणि ‘सकाळचा चहा हल्ली तेच करतात, जन्मात कधी केला नव्हता.’ पुण्याचा मुलगा म्हणतो, एमआरआय करू, डबे बंद कर, दोघं इकडे या. शेजारणीच्या मते पित्त, जाऊबाईंच्या मते दृष्ट. त्या विचारतात, ‘वय झालं असं समजायचं का? डबे बंद करू का?’

ताई,

त्या पंख्याचं वाक्य मी तीनदा वाचलं. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतकं नेमकं वर्णन करणारे पेशंट मला बोटांवर मोजण्याइतके भेटले. बाकीचे दारातूनच म्हणायचे, ‘डॉक्टर, चक्कर यायलीय ओ,’ आणि हात पुढे करायचे, बीपी बघायला. मीही मुकाट्याने पट्टा गुंडाळायचे. त्यांचा हात आणि माझी सवय, दोघांची मिळून एक चूक व्हायची. तुमच्याही बाबतीत तसंच काहीसं झालं असावं.

चक्कर या एका शब्दात आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. उठून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, ती घेरी. शुद्ध हरपून माणूस खाली जातो, ती भोवळ. चालताना झोक जातो, ते आणखी वेगळं. आणि घर, छत, पंखा फिरताना दिसतो ते गरगरणं. पहिल्या दोन्हींत मेंदूला रक्त किंवा साखर कमी पडलेली असू शकते. मंगळवार-शुक्रवारचा कडक उपवास, बीपीची जड झालेली गोळी, उन्हात घाम जाऊन आटलेलं पाणी, कधी हृदयाच्या ठोक्यातला दोष. गरगरण्याचा पत्ता मात्र बहुतेक वेळा कानाच्या आत असतो.

तुम्ही पडल्या होतात पलंगावर. आडव्या माणसाने नुसती कूस बदलली म्हणून त्याचं बीपी काही पडत नाही. उलटी झाली ती गरगरल्यानंतर, आधी नाही. पित्ताचा क्रम उलटा असतो. उजव्याच कुशीला झालं, मिनिटभरात थांबलं, वर बघितलं की पुन्हा होतं. पत्रावरून निदान करू नये हे मला माहीत आहे, तरी अंदाज सांगते: हा बीपीपीव्ही नावाचा प्रकार दिसतो. गंमत बघा, या नावातल्या बीपीचा रक्तदाबाशी काडीचा संबंध नाही. पहिला ‘बी’ बिनाइनचा, म्हणजे निरुपद्रवी. एका पेशंटला मी हे नाव कागदावर लिहून दिलं, तर घरच्यांनी महिनाभर त्यांचं मीठ तोडलं होतं.

आत नेमकं काय होतं ते सांगते, कारण कळलं की निम्मी भीती जाते. कानाच्या आत, हाडात, नखाएवढ्या जागेत तीन बारीक वळणदार नळ्या आहेत. तीन बांगड्या एकमेकींना काटकोनात धराव्यात तशा. त्यांत पाणी असतं. डोकं वळलं की पाणी हलतं आणि मेंदूला कळतं, मान वळली. नळ्यांच्या शेजारी एक पिशवी आहे. तिच्यात चिकट थरावर सूक्ष्म खडे बसलेले असतात. शंख-शिंपले ज्याचे बनतात त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे. वर कुठे, खाली कुठे, हे त्यांच्या वजनावरून समजतं. वयानुसार, डोक्याला मार लागून, कधी बरेच दिवस अंथरुणात पडून राहिल्याने यातले काही सुटतात आणि भलत्याच नळीत जाऊन बसतात. उसाच्या पाटात गाळ जावा तसं. मग तुम्ही कूस बदलता, डोकं थांबतं, पण तो गाळ सावकाश घसरत राहतो आणि पाणी ओढत नेतो. कान सांगतो, अजून वळतेच आहे. डोळे सांगतात, छे, पलंगावर आहे. या भांडणात पंखा फिरतो. खडे तळाशी बसले की भांडण मिटतं. म्हणून मिनिटभरच. पन्नाशीनंतर, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये, हे जास्त दिसतं.

म्हणजे ‘वय झालं’ यात थोडं तथ्य आहे. पण तुम्ही ते ज्या अर्थाने लिहिलंय त्या अर्थाने नाही. खडे सुटायला वय कारण असेल, ते नळीतच राहू द्यायला वय कारण नाही.

आता ‘मणक्यात गॅप’. तुमच्या वयाच्या दहा बायकांच्या मानेचे एक्स-रे काढा, बहुतेकींच्या कागदावर झिजेचा काही ना काही शेरा येईल. चक्कर नसलेल्यांच्यासुद्धा. फोटोत झीज दिसली आणि पेशंटला चक्कर आहे, म्हणून एक दुसऱ्याचं कारण ठरत नाही. हे मी शहाणपणाने सांगत नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मी स्वतः किती मानांना पट्टे बांधले याचा हिशेब नाही. पुढे एक दिवस गच्चीवर साड्या वाळत घालताना दोरीकडे मान वर केली आणि समोरची पाण्याची टाकी सरकली. कठडा धरून खाली बसले. तेव्हा अभ्यास केला. आपल्याला झाल्याशिवाय डॉक्टरांना काही गोष्टी शिकायच्या नसतात बहुधा. पट्ट्याने तुमची मान आखडली असणार. तोल सांभाळायला मेंदू मानेकडूनही खबर घेतो, ती वाट आपण बांधून ठेवतो.

गोळ्यांचंही तसंच. तुमच्या चिठ्ठीवर कुठली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारखी असेल तर ती उलटी-मळमळ आणि गरगर दाबते. पहिले दोन-तीन दिवस तिचा आधार असतो. नळीतला खडा ती हलवत नाही. सात आठवडे घेत राहिलं की झोपाळलेपण येतं, बिघडलेल्या संदेशाशी जुळवून घेण्याचं मेंदूचं काम मंदावतं, आणि उतारवयात हाताला कंप, अंगात ताठरपणा असेही त्रास होऊ शकतात. तुमचं ते गादीवर चालल्यासारखं वाटणं, त्यात या गोळीचा वाटा असेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. जुनी चिठ्ठी दाखवून औषध आणणं मात्र आजपासून थांबवा. (बीपीची गोळी वेगळी. तिला हात लावू नका.)

आणि खुर्ची. इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. गरगरणं कमी झालं ते बरं झालं म्हणून, की तुम्ही उजवीकडे वळायचंच सोडलंत म्हणून? सात आठवडे तुम्ही मान ताठ, खांदे वर, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखं वावरताय. डोकं हलवायला घाबरलेल्या माणसाचा तोल आणखी बिघडतो. अशी माणसं मी ओळखायची ती दारातून आत येतानाच. हाक मारली की मान वळवायची नाहीत, अख्खं अंग वळवायची.

करायचं काय? कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही हा विभाग आहे. खासगीत जाणार असाल तर आधी फोन करून सरळ विचारा, ‘एप्लीची क्रिया करता का?’ (नळीतले खडे परत जागेवर नेण्याची क्रिया, पुढे सांगते.) उत्तर ‘हो’ आलं तरच रिक्षाचे पैसे खर्च करा. आणि चक्करेची गोळी आदल्या दिवशी घ्यायची की नाही तेही विचारा, कारण तिच्यामुळे डोळ्यांची जी हालचाल बघायची असते ती दबते. तपासणी अशी: पलंगावर बसवतात, डोकं एका बाजूला ४५ अंशांत वळवतात आणि झटकन आडवं करतात, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं झुकेल असं. गरगरेल. डोळे मिटू नका, कारण डॉक्टरांना बुबुळांची फडफड बघायची असते. ती कुठल्या दिशेने होते त्यावरून कुठला कान, कुठली नळी ते कळतं.

मग त्याच बैठकीत एप्ली. उजवा कान निघाला तर डोकं उजवीकडे वळवून आडवं, अर्धा-एक मिनिट थांबायचं. मग डोकं तसंच डावीकडे वळवायचं, थांबायचं. मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं. मग उठून बसायचं. संपलं. खडे नळीतून घरंगळत मूळ पिशवीत परत जातात. सुई नाही, बाटली नाही. दहापैकी सात-आठ जणांना एक-दोन बैठकांत फरक पडतो.

विश्वास बसत नाही ना? जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९८० मध्ये हे मांडलं तेव्हा त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. सविस्तर लेख छापून यायला १९९२ उजाडलं. आजही माझ्या ओळखीतले लोक एप्ली करून घरी येतात आणि विचारतात, ‘आणि औषध?’

पहिल्यांदा घरी मोबाइलवर बघून करू नका. कान चुकला तर उपयोग नाही, नळी वेगळी असली तर क्रियाही वेगळी. शिवाय मानेचा गंभीर आजार, मानेच्या रक्तवाहिन्यांचा त्रास किंवा नुकतंच डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेल्यांना आधी विचारावं लागतं. एकदा शिकून घेतलंत की पुढच्या वेळी मिस्टरांना उशाशी उभं करून घरीच जमेल. पुढची वेळ येऊ शकते, हे आत्ताच सांगून ठेवते. पुष्कळांना वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा होतं. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी असलेल्यांत भरून काढल्यावर पुन्हा होण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं आहे.

क्रियेनंतर दोन-चार दिवस डोलल्यासारखं वाटेल. पूर्वी आम्ही बसून झोपायला सांगायचो, आता त्याची गरज मानत नाहीत. म्हणजे खुर्ची परत हॉलमध्ये. आणि मग चालायचं. रंकाळ्याला जा, सकाळी, पहिल्या आठवड्यात सोबत घेऊन. काठाने चालताना दहा पावलं पाण्याकडे बघा, दहा पावलं रस्त्याकडे. मान वळवायची, अंग नाही. पहिल्या दिवशी खुळ्यागत वाटेल, पाय तिरके जातील. तेच हवंय, मेंदू त्यातूनच शिकतो. घरी बसल्याबसल्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरा, नजर नखावर ठेवा आणि डोकं हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. मिनिटभर, दिवसातून तीनदा.

तोवर घरात काही बदल. सकाळी गजर झाला की आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा. रात्री बारीक दिवा राहू दे. न्हाणीत केस धुताना आपण डोळे मिटतो आणि मान खाली घालतो, म्हणजे नजरेचा आधारही काढून घेतो. स्टुलावर बसून धुवा, कुणी घरात असताना. गॅससमोर गरगरलं तर आधी बटण बंद करा, मग खाली बसा आणि एखाद्या न हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवा. जड पातेली कमरेच्या उंचीवर आणा. गाडीच्या बाबतीत मिस्टरांचं बरोबर आहे. पूर्ण एक आठवडा गरगरल्याशिवाय गेल्याखेरीज नको.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं, कारण प्रत्येक गरगर खड्यांची नसते. दिवस-दिवस न थांबता गरगरत असेल तर तोलाच्या नसेला सूज असू शकते. तासन्‌तास चालणारी, सोबत कानात आवाज आणि ऐकू कमी येणं, हा मेनिएरचा आजार असू शकतो. मीठ कमी करण्याचा सल्ला तिथे देतात. अर्धशिशीवाल्यांची वेगळी. आणि हे मात्र थांबून बघायचं नाही: बोबडं बोलणं, तोंड वाकडं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, हातापायात बधिरपणा, आधार घेऊनही उभं राहता न येणं, अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, छातीत दुखणं, शुद्ध जाणं. यातलं काहीही गरगरण्यासोबत आलं तर कांदा हुंगवत बसू नका, १०८ ला फोन करा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा, त्यातही वेळ महत्त्वाचा असतो.

एमआरआयबद्दल मुलाला सांगा, आधी पाच मिनिटांची पलंगावरची तपासणी, मग तज्ज्ञ म्हणाले तर मशीन. हे खडे एमआरआयमध्ये दिसत नाहीत. तो काळजीपोटी बोलतोय, म्हणून तपासणीच्या दिवशी त्याला फोनवर घ्या. स्वतः ऐकलं की त्याचाही जीव खाली पडेल. जाऊबाईंनी दृष्ट काढली असेल तर काढू द्या, मिरच्या जळाल्यावर ठसका लागतो एवढाच काय तो अपाय.

आता डबे.

तुम्ही दोन प्रश्न एकाच सुतळीने बांधून पाठवलेत. चक्करेचं उत्तर दोन आठवड्यांत मिळण्यासारखं आहे. डब्यांचं उत्तर चक्करेच्या भीतीत देऊ नका. पुण्याला गेलात तरी कान तोच बरोबर जाणार.

पण पत्रात ते चहाचं वाक्य आहे. चक्करेच्या पत्रात चहाचं काम नव्हतं, तरी तुम्ही लिहिलंत. अठरा वर्षं पहाटे साडेचारला उठून, २२ डब्यांच्या दोन-दोन म्हणजे ४४ भाकऱ्या थापणाऱ्या बाईला कुणीतरी आयता कप हातात दिला. मला वाटतं, एवढ्या भीतीतही ते तुम्हाला आवडलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून एक विचारते, उत्तर मला पाठवायची गरज नाही: समजा येत्या मंगळवारी चक्कर पूर्ण थांबली, तर बुधवारी साडेचारचा गजर लावताना तुम्हाला हायसं वाटेल की पोटात गोळा येईल?

हायसं वाटणार असेल तर डबे चालू ठेवा. दोन आठवडे भाकरीला एखादी बाई लावा, पोरांना सांगा डबा दारात येऊन न्या. अठरा वर्षांची गिऱ्हाइकी पंधरा दिवसांत तुटत नाही.

आणि पोटात गोळा येणार असेल, तर तो खड्यांचा नाही. मग मिस्टरांना आणि मुलाला सरळ सांगा की मी दमलेय. दमण्यासाठी चक्कर यावी लागत नाही. नाहीतर होईल काय, की चक्कर बरी झाली की चहाही बंद, आणि तुमच्याच मनाला बरं होण्याची घाई राहणार नाही. मी असे पेशंट बघितलेत. त्यांना ढोंगी म्हणणाऱ्या नातेवाइकांचा मला राग यायचा. आपण दमलोय हे बोलायची रीतच त्यांच्या घरात नव्हती. २२ चे १२ करता येतील. मे महिन्यात पोरं गावाला गेली की नव्याने नावं घ्यायची नाहीत, असंही करता येईल. किंवा सगळं थांबवून पुण्याला जा, चार महिने राहून बघा, इथलं घर मोडू नका. यातलं काय ठरवायचं ते तुमचं. फक्त ठरवताना खोली स्थिर असू दे.

जाण्याआधी एका कागदावर हे लिहून न्या: पहिल्यांदा कधी झालं, काय करताना, किती सेकंद, कुठल्या कुशीला, कानात आवाज येतो का, कुठल्या गोळ्या किती दिवस. आणि पंख्याचं ते वाक्य, तुम्ही मला लिहिलंय अगदी तसंच. दवाखान्यात गेल्यावर आपण ‘चक्कर येते हो’ एवढंच बोलतो.

माळ्यावरचा डबा उद्या सकाळी मिस्टरांकडून खाली काढून घ्या. चहा झाल्यावर.